०.६ व्होल्टचा १.८ व्होल्ट करताना: पहिला लेव्हल शिफ्टर, कमी ऊर्जेत

आर्डुइनोला ३.३ व्होल्टचा सेन्सर जोडून पाहिलेल्या बहुतेकांनी ती चार चॅनेलची छोटी पट्टी, म्हणजे एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्या व्होल्टेजवर नेणारा लेव्हल शिफ्टर, वापरलेली असते. बीएसएस१३८ हा एक मॉसफेट, दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोओहमचे पुल-अप, झालं काम. लाइन शून्यावर असताना त्या दोन रेझिस्टरांतून किती करंट वाहतो, हे सहसा कुणी मोजत नाही. ५ व्होल्टच्या बाजूने ०.५ मिलिॲम्पिअर, ३.३ च्या बाजूने ०.३३. म्हणजे एका चॅनेलला सुमारे साडेतीन मिलिवॉट, तेही लाइन नुसती बसून असताना. टेबलावर यूएसबीची केबल लावलेली असते, त्यामुळे कुणाला फरक पडत नाही. पण श्रवणयंत्रातली चिप, छातीवर चिकटवायचा पॅच किंवा शेतात पुरून ठेवलेला ओलाव्याचा सेन्सर यांचा सगळा संसारच काही मायक्रोवॉटमध्ये चालतो. तिथे हेच काम सिलिकॉनच्या आत, याच्या हजारो पटीने कमी खर्चात करावं लागतं.

तुम्हाला मॉसफेटची साधी समीकरणं आठवत असतील आणि स्पाइस एकदा तरी चालवलं असेल, एवढं मी गृहीत धरतो. सराव फुकटात होतो. गूगल आणि स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये खुलं केलेलं १३० नॅनोमीटरचं स्काय१३० हे चिप डिझाइनचं किट घ्या आणि सिम्युलेशनसाठी एनजीस्पाइस. कमांड लाइनची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, त्याच्या पोटातही एनजीस्पाइसच आहे. उदाहरणात खालचा सप्लाय ०.६ व्होल्ट आणि वरचा १.८ व्होल्ट धरू. आकृत्यांमध्ये त्यांना व्हीडीडीएल आणि व्हीडीडीएच म्हणतात, मी खालचा आणि वरचा एवढंच म्हणणार आहे.

शिफ्टर लागतोच का?

डिजिटल गेट बदलताना खर्च होणारी ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. १.८ वरून ०.६ वर आलात की व्होल्टेज तिप्पट कमी, ऊर्जा नऊपट कमी. म्हणून ज्या ब्लॉकला घाई नाही त्याला खालच्या सप्लायवर ठेवतात, घाईच्या ब्लॉकला वरच्यावर.

अडचण वेशीवर येते. खालच्या ब्लॉकचा ‘एक’ म्हणजे ०.६ व्होल्ट. तो सरळ १.८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दिला तर वरच्या पीमॉसच्या सोर्स आणि गेटमध्ये १.२ व्होल्टचा फरक उरतो, म्हणजे जो ट्रान्झिस्टर बंद व्हायला हवा तो सताड उघडा. खालच्या एनमॉसला ०.६ व्होल्टमध्ये जेमतेम जाग येते. आउटपुट खाली येत नाहीच, शिवाय दोन्ही ट्रान्झिस्टरांतून सप्लायपासून ग्राउंडपर्यंत करंट अखंड वाहत राहतो.

उलट दिशेला, म्हणजे वरून खाली येताना, खालच्या सप्लायवरचा साधा इन्व्हर्टर पुरतो. फक्त त्याच्या गेटच्या ऑक्साइडला वरचं व्होल्टेज सोसलं पाहिजे. स्काय१३० मध्ये १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला ३.३ व्होल्ट देऊ नका, त्यासाठी जाड ऑक्साइडचे ५ व्होल्टचे ट्रान्झिस्टर वेगळे दिलेले आहेत. या दिशेबद्दल एवढं पुरे. खरं दुखणं खालून वर जाताना आहे.

पायरी १: सर्किट काढण्याआधी सिग्नल किती वेळा हलतो ते विचारा

नवखे इंजिनिअर थेट सर्किटच्या आकृत्या शोधायला लागतात. मीही तेच केलं होतं. पण कुठला शिफ्टर काटकसरीचा, याचं उत्तर सर्किटमध्ये नसून सिग्नल किती वेळा बदलतो यात असतं.

आकडे घालून बघू. खालच्या ब्लॉकमध्ये दर क्लॉकला सरासरी २००० फेम्टोफॅरड बदलतात असं धरा. १.८ व्होल्टवर याला ६४८० फेम्टोज्यूल लागले असते, ०.६ वर ७२० लागतात. बचत ५७६० फेम्टोज्यूल. या ब्लॉकमधून ३२ तारा बाहेर पडतात, प्रत्येकीवर एक शिफ्टर, एका बदलाला ६० फेम्टोज्यूल, आणि तार सरासरी चार क्लॉकमधून एकदा बदलते. शिफ्टरांचा खर्च ३२ गुणिले ६० भागिले ४, म्हणजे ४८० फेम्टोज्यूल. सौदा फायद्याचा.

आता तोच ब्लॉक लहान करा, फक्त १०० फेम्टोफॅरडचा. बचत २८८ फेम्टोज्यूल, शिफ्टरांचा खर्च तोच ४८०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. असा ब्लॉक वरच्या सप्लायवरच राहू द्या.

यात एक छुपी कात्री आहे. ०.६ व्होल्ट कुठून आणताय? १.८ वरून साध्या लिनिअर रेग्युलेटरने उतरवत असाल तर खालच्या ब्लॉकने ओढलेला प्रत्येक कूलंब शेवटी १.८ व्होल्टच्या सप्लायमधूनच जातो. तेव्हा ब्लॉकचा खर्च ७२० नसून २१६० फेम्टोज्यूल धरा. बचत ४३२० वर येते. स्विचिंग रेग्युलेटर असेल तर नुकसान कमी, पण शून्य नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. समजा प्रत्येक शिफ्टर नुसता बसलेला असताना १० नॅनोॲम्पिअर गळतो. ऐकायला काहीच नाही. १.८ व्होल्टवर एकाचे १८ नॅनोवॉट, ३२ चे ५७६ नॅनोवॉट. क्लॉक १० मेगाहर्ट्झचा असेल तर दर क्लॉकला ही गळती जेमतेम ५८ फेम्टोज्यूल होते, सोडून द्या. पण क्लॉक घड्याळाच्या क्रिस्टलचा, ३२.७६८ किलोहर्ट्झचा असेल तर एक क्लॉक साडेतीस मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात गळती सुमारे १७,६०० फेम्टोज्यूल. मिळवलेल्या बचतीच्या तिप्पट, निव्वळ बसून.

म्हणून कागदावर आधी दोन आकडे लिहा: सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो आणि चिप दिवसातला किती वेळ झोपलेली असते. वेगाने हलणाऱ्या तारेसाठी बदलण्याचा खर्च कमी हवा. क्वचित हलणाऱ्या तारेसाठी गळती कमी हवी, मग बदलताना चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दोन्हींसाठी एकच शिफ्टर वापरायचा मोह होतो. तो टाळा.

आणि शिफ्टरांची संख्याच कमी होते का तेही बघा. १९९५ मध्ये उसामी आणि होरोविट्झ यांनी मांडलेली कल्पना आजही कामाची आहे. एका मार्गावर वरच्या सप्लायचे गेट आधी, खालचे नंतर, अशी मांडणी ठेवायची. मध्येच खालून वर जायचंच नाही. चढायचं ते फक्त फ्लिप-फ्लॉपपाशी, आणि तो फ्लिप-फ्लॉपच व्होल्टेज चढवून देणारा घ्यायचा.

पायरी २: जुनं सर्किट काढा आणि ते कुठे तुटतं ते हिशेबाने शोधा

सर्वांत रुळलेला शिफ्टर चार ट्रान्झिस्टरांचा. त्याचं मूळ १९८४ मध्ये आयबीएमच्या अभियंत्यांनी मांडलेल्या कॅस्कोड व्होल्टेज स्विच लॉजिकमध्ये आहे, म्हणून त्याला डीसीव्हीएस शिफ्टर म्हणतात (सुरुवातीचा ‘डी’ डिफरन्शियलचा). वही घ्या आणि काढा.

खाली दोन एनमॉस. एन१ च्या गेटला इनपुट, एन२ च्या गेटला उलटं इनपुट. दोघांचे सोर्स ग्राउंडला. एन१ चा ड्रेन म्हणजे ‘क’ बिंदू, एन२ चा ड्रेन म्हणजे ‘ख’ बिंदू. वर दोन पीमॉस, सोर्स १.८ व्होल्टला. पी१ चा ड्रेन ‘क’ ला आणि गेट ‘ख’ ला. पी२ चा ड्रेन ‘ख’ ला आणि गेट ‘क’ ला. फुलीसारखी जोडणी. आउटपुट ‘ख’ वरून घ्यायचं. याशिवाय उलटं इनपुट तयार करायला खालच्या सप्लायवर एक इन्व्हर्टर लागतो. आकृतीत बरेचदा तो दाखवत नाहीत, पण त्याचा खर्च तुमच्याच खात्यात पडतो.

स्थिर झाल्यावर हे सर्किट अगदी सज्जन आहे. एका बाजूचा पीमॉस बंद, दुसऱ्या बाजूचा एनमॉस बंद, लीकेज सोडलं तर करंट शून्य. भांडण होतं ते बदलताना. इनपुट शून्य होतं तेव्हा ‘ख’ शून्यावर होता, म्हणून पी१ पूर्ण १.८ व्होल्टच्या जोराने ‘क’ ला वर धरून बसलाय. आता इनपुट ०.६ झालं. एन१ ला ०.६ व्होल्टच्या बळावर ‘क’ खाली ओढायचा आहे. पी२ जागा होईपर्यंत, म्हणजे ‘क’ साधारण पीमॉसच्या थ्रेशोल्डइतका खाली येईपर्यंत, पी१ सोडत नाही. ही रस्सीखेच आहे, आणि आपला गडी अर्धपोटी आहे.

किती अर्धपोटी? सोयीसाठी दोन्ही थ्रेशोल्ड ०.५ व्होल्ट धरा आणि एनमॉस पीमॉसपेक्षा तिप्पट चपळ. ‘क’ १.३ व्होल्टवर आला त्या क्षणी पी१ लिनिअर भागात असतो. त्याचा करंट १.३ गुणिले ०.५ वजा ०.१२५, म्हणजे ०.५२५ च्या प्रमाणात. एन१ सॅच्युरेशनमध्ये, त्याचा करंट इनपुट वजा थ्रेशोल्डच्या वर्गाच्या निम्म्याच्या प्रमाणात, त्याला तीनने गुणा. इनपुट ०.८ व्होल्ट असेल तर उत्तर ०.१३५, म्हणजे एन१ पी१ च्या सुमारे चौपट रुंद हवा. ठीक आहे. ०.७ व्होल्टला जवळजवळ नऊपट. ०.६ व्होल्टला ३५ पट. थ्रेशोल्डजवळ हे पुस्तकी समीकरण धड चालत नाही हे खरं, पण चढ केवढा खडा आहे ते कळतं.

थ्रेशोल्डच्या खाली गेलात की चित्रच बदलतं. तिथे करंट घातांकी पद्धतीने घटतो. खोलीच्या तापमानाला आदर्श ट्रान्झिस्टरलाही दर ६० मिलिव्होल्टला दसपट घट, प्रत्यक्षात साधारण ७० ते १०० मिलिव्होल्टला. ९० धरलं तर ०.५ वरून ०.३ व्होल्टवर येताना करंट सुमारे १७० पट कमी होतो. रुंदी वाढवून ही दरी भरणं म्हणजे ओंजळीने विहीर भरणं. शिवाय एन१ जितका रुंद तितकी त्याच्या गेटची कपॅसिटन्स आणि लीकेजही वाढतं, म्हणजे जिथे वाचवायला निघालो तिथेच खर्च.

पायरी ३: पी१ ला कमजोर करा

एन१ ला पैलवान करण्यापेक्षा पी१ ला दमवणं स्वस्त पडतं.

पहिला उपाय फुकटाचा. पीमॉसची रुंदी किमान ठेवा आणि लांबी वाढवा. स्काय१३० मध्ये किमान लांबी ०.१५ मायक्रॉन आहे, ती ०.५ किंवा १ मायक्रॉन करून बघा. तोटा असा की आता ‘ख’ वर चढवायचं काम याच कमजोर पीमॉसकडे आहे, त्यामुळे चढती कड आळशी होते. आळशी कड पुढच्या इन्व्हर्टरला गेली की तो इन्व्हर्टर मधल्या व्होल्टेजवर रेंगाळतो आणि दोन्ही ट्रान्झिस्टरांतून करंट सोडतो. एका जागची गळती बंद करून दुसऱ्या जागी नळ उघडला. पुढच्या इन्व्हर्टरचीही लांबी थोडी वाढवली तर हा करंट आटोक्यात राहतो.

दुसरा उपाय कमी थ्रेशोल्डचा एनमॉस वापरणं. स्काय१३० मध्ये ‘एलव्हीटी’ प्रकार आहे. करंट चांगला वाढतो, पण बंद असतानाची गळतीही निदान तेवढ्याच पटीने वाढते. इथे पायरी १ चा कागद काढा. सारखा हलणारा सिग्नल असेल तर घ्या. चिप तासन्‌तास झोपत असेल तर विचार करा.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो. पी१ आणि ‘क’ यांच्या मध्ये आणखी एक पीमॉस घाला, त्याच्या गेटला तेच इनपुट द्या; दुसऱ्या बाजूला तसाच एक, त्याला उलटं इनपुट. इनपुट ०.६ झालं की त्याच बाजूचा हा मधला पीमॉस १.८ ऐवजी १.२ व्होल्टच्या जोरावर येतो, म्हणजे ओढणाऱ्या बाजूची दोरी ढिली पडते. समोरच्या बाजूच्या मधल्या पीमॉसचं गेट शून्यावर असल्याने तिथे वर ओढणं पूर्ण जोरात चालतं. ट्रान्झिस्टर फक्त दोन वाढले. मर्यादा ओळखून असा: इनपुट ०.३ व्होल्ट असेल तर १.८ ऐवजी १.५, एवढाच फरक पडतो. खूप खालून चढायचं असेल तर हा उपाय एकट्याने पुरत नाही.

चिपवर मधला सप्लाय आधीच असेल, समजा ०.९ व्होल्टचा, तर दोन टप्प्यांत चढणं हाही मार्ग आहे. केवळ शिफ्टरसाठी नवा सप्लाय काढणार असाल तर नको.

पायरी ४: थ्रेशोल्डच्या खालून चढायचं असेल तर रस्सीखेचच टाळा

इथे करंट मिरर येतो. पी१ चं गेट त्याच्याच ड्रेनला जोडायचं, त्या बिंदूला ‘म’ म्हणू. पी२ चं गेटही ‘म’ ला. इनपुट वर गेलं की एन१ जेवढा करंट ओढेल, मग तो अगदी नॅनोॲम्पिअर का असेना, तेवढाच पी२ आउटपुटकडे ढकलतो. समोर एन२ बंद असतो, म्हणून आउटपुट वर जातंच. भांडायला कुणी उरत नाही. म्हणूनच हे सर्किट थ्रेशोल्डच्या बरंच खालचं इनपुटही उचलतं.

फुकट मात्र काही नाही. इनपुट वर असेपर्यंत पी१ आणि एन१ मधून करंट वाहतच राहतो. वर्षभर ‘एक’ वर बसणाऱ्या रिसेटच्या तारेला असा शिफ्टर लावलात तर बॅटरी संपण्याची वाट बघा.

२०१० मध्ये ल्युटकेमायर आणि रुकर्ट यांनी यावर विल्सन करंट मिररचा तोडगा मांडला. ‘म’ आणि एन१ यांच्या मध्ये तिसरा पीमॉस, पी३, आणि त्याचं गेट आउटपुटला. आउटपुट वर चढलं की पी३ बंद होतो आणि वाहता करंट तुटतो. काम झालं की आपणच दिवा विझवून निघून जाणाऱ्या माणसासारखा. पाच ट्रान्झिस्टर आणि एक इन्व्हर्टर, बस्स.

यातली मेख सिम्युलेशन नीट बघणाऱ्यालाच दिसते. आउटपुट पूर्ण १.८ ला पोचण्याआधीच पी३ बंद व्हायला लागतो. मग ‘म’ वर सरकतो, पी२ ही ढिला पडतो आणि आउटपुट वरच्या सप्लायच्या थोडं खाली रेंगाळतं. पुढच्या इन्व्हर्टरचा पीमॉस त्यामुळे पुरता बंद होत नाही आणि तिथून गळती सुरू होते. शिफ्टरच्या करंटचा आलेख सुंदर दिसतो, गळती शेजारच्या घरात. उपाय म्हणून त्या पहिल्या इन्व्हर्टरचा पीमॉस जास्त थ्रेशोल्डचा, ‘एचव्हीटी’, घ्या आणि त्याची लांबी वाढवा. आउटपुटला धरून ठेवणारा छोटा कीपर लावण्याची युक्तीही करतात, पण कीपर म्हणजे पुन्हा रस्सीखेच. फार अशक्त ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर: खालचा सप्लाय थ्रेशोल्डच्या दोनशे-तीनशे मिलिव्होल्ट वर असेल तर साधा डीसीव्हीएस, लांब पीमॉससह. थ्रेशोल्डच्या आसपास असेल तर मधल्या पीमॉसचा प्रकार. खाली असेल तर विल्सन. याहून गुंतागुंतीची सर्किटं शेकड्याने प्रसिद्ध झालेली आहेत. पहिल्या चिपसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५: टेस्टबेंच, म्हणजे स्वतःला न फसवण्याची सोय

पहिल्या वर्षी मी एक शिफ्टर बनवला आणि त्याची ऊर्जा इतकी कमी आली की मी खूश होऊन सगळ्यांना आलेख दाखवत फिरलो. आमच्या टीममधल्या सीनियर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, ‘खालच्या सप्लायचं बिल कोण भरतंय?’ मी फक्त १.८ व्होल्टचा करंट मोजला होता. एन१ इतका जाडजूड केला होता की त्याचं गेट हलवण्याचा सगळा खर्च ०.६ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर पडत होता. दोन्ही बिलं जोडली तेव्हा माझा विक्रम साध्या शिफ्टरपेक्षाही महाग निघाला.

तेव्हा टेस्टबेंच असा बांधा. इनपुट आदर्श पल्सने थेट देऊ नका. आधी खालच्या सप्लायवरचे दोन साधे इन्व्हर्टर, मग शिफ्टर. आदर्श पल्सची कड इतकी तीक्ष्ण असते की कुठलंही सर्किट तिच्यासमोर हुशार दिसतं. आउटपुटला वरच्या सप्लायचे चार इन्व्हर्टर लोड म्हणून लावा, पण त्या लोडचा सप्लाय वेगळा ठेवा. त्याच्या आधी येणारा तो पहिला इन्व्हर्टर मात्र, ज्याच्यात विल्सनची गळती लपते, शिफ्टरच्याच खात्यात मोजा. उलटं इनपुट बनवणारा इन्व्हर्टरही.

प्रत्येक सप्लायच्या करंटचं एका पूर्ण फेरीवर, म्हणजे शून्य ते एक ते शून्य, इंटिग्रेशन करा, व्होल्टेजने गुणा आणि बेरीज करा. पहिली फेरी टाकून द्या. सुरुवातीला लॅच, म्हणजे फुलीसारखी जोडलेली पीमॉसची जोडी, कुठल्याही अवस्थेत असू शकतो. दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करताना त्यांनी ऊर्जा एका बदलाला दिली आहे की पूर्ण फेरीला, हे आधी बघा. दुप्पट काटकसरीचे वाटणारे कित्येक शिफ्टर याच घोळातून जन्माला येतात.

बदलाचा खर्च आणि बसण्याचा खर्च वेगळे काढायची सोपी युक्ती आहे. तेच मोजमाप एकदा ठरावीक फेरीला करा, एकदा दसपट लांब फेरीला. दोन ऊर्जांमधला फरक भागिले फेरीच्या वेळेची नऊपट, ही झाली सरासरी गळतीची पॉवर. ती पहिल्या फेरीच्या वेळेने गुणून पहिल्या मोजमापातून वजा केली की निव्वळ बदलाची ऊर्जा उरते. गळती इनपुट शून्यावर आणि एकवर वेगवेगळी असते, म्हणून दोन्ही अवस्थांत स्थिर ठेवूनही एकदा मोजा.

दोन बारीक खाचा. एनजीस्पाइस आकडेमोड सुकर व्हावी म्हणून जंक्शनांना समांतर एक नाममात्र कंडक्टन्स घालतं, त्याचं नाव जीमिन, मूळ किंमत १० चा उणे बारावा घात सीमेन्स. १.८ व्होल्टवर याचेच प्रत्येकी सुमारे दोन पिकोॲम्पिअर होतात. पिकोॲम्पिअरमध्ये लीकेज मोजत असाल तर ते तुमच्या सर्किटचं नसून सिम्युलेटरचं असू शकतं. जीमिन शंभर-हजारपट कमी करून आकडा हलतो का बघा. दुसरी खाच फेरीच्या लांबीची. ०.३ व्होल्टवर शिफ्टरला शेकडो नॅनोसेकंद लागू शकतात. दहा नॅनोसेकंदांची पल्स देऊन ‘चालत नाही’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

चढत्या आणि उतरत्या कडेचा विलंब वेगवेगळा नोंदवा. डेटाच्या तारेला फरक चालतो. क्लॉकला नाही, तिथे पल्सची रुंदीच बदलते.

पायरी ६: वाईट दिवस एकत्र आणा

कॉर्नर म्हणजे ट्रान्झिस्टरांचा वेग, सप्लाय आणि तापमान यांची एक ठरावीक जुळणी. टिपिकल कॉर्नरला चालणारा शिफ्टर ही फक्त सुरुवात. तो सर्वांत आधी बंद पडतो ते एनमॉस मंद, पीमॉस जलद, खालचा सप्लाय दहा टक्के कमी, वरचा दहा टक्के जास्त आणि थंडी, समजा उणे ४० अंश, या सगळ्या गोष्टी जुळून आल्यावर. थ्रेशोल्डच्या आसपास थंडीने करंट घटतो, हे नेहमीच्या वेगवान डिजिटल सर्किटच्या अनुभवाच्या उलट आहे. गळतीची परीक्षा मात्र दोन्ही जलद आणि ८५ अंशांवर.

मग मॉन्टे कार्लो, म्हणजे ट्रान्झिस्टरांत दरवेळी थोडे यादृच्छिक फरक घालून तेच सिम्युलेशन पुन्हा पुन्हा चालवणं. शेजारी-शेजारी काढलेल्या दोन ट्रान्झिस्टरांचे थ्रेशोल्डही तंतोतंत सारखे नसतात. हा फरक गेटच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे पेलग्रॉमने १९८९ मध्ये दाखवलं. थ्रेशोल्डच्या खाली ३० मिलिव्होल्टची चूक म्हणजे करंट दुप्पट किंवा निम्मा. म्हणून एन१ किमान मापाचा ठेवू नका, रस्सीखेच नसलेल्या विल्सनमध्येही.

हजार वेळा चालवलं आणि एकही अपयश आलं नाही, तर अपयशाचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत असू शकतं, एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. एका चिपवर ३२ शिफ्टर असतील तर तेवढ्याने शंभरातल्या नऊ चिपा नापास होऊ शकतात. म्हणून नुसतं पास-नापास मोजण्यापेक्षा विलंबाचा लॉगॅरिदम घ्या. तो साधारण घंटेच्या आकाराचा येतो, आणि त्याची सरासरी आणि पसारा यांवरून टोकाला काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

पायरी ७: खालचा ब्लॉक झोपला तर?

हे विसरणारे खूप. खालचा सप्लाय बंद केला की इनपुट आणि उलटं इनपुट दोन्ही शून्यावर येतात. एन१ बंद, एन२ बंद, ‘क’ आणि ‘ख’ कुणाच्याच ताब्यात नीट राहत नाहीत. विल्सनमध्ये तर आउटपुट सरळ तरंगतं, आणि तरंगणारा बिंदू मधल्या व्होल्टेजवर आला की पुढचा इन्व्हर्टर करंट प्यायला लागतो. वाचवायला झोपवलं आणि जागेपणापेक्षा जास्त खाल्लं.

आउटपुटला एक एनमॉस लावा, त्याच्या गेटला वरच्या सप्लायवरचा झोपेचा सिग्नल. झोपेत तो आउटपुट शून्यावर खेचून धरेल. मात्र त्याच वेळी वर ओढणारी पीमॉसची वाटही त्याच सिग्नलने तोडा, नाहीतर दोघांचं जुंपेल. अशा जोडसेलला एनेबल लेव्हल शिफ्टर म्हणतात. मोठ्या प्रकल्पात कुठे कुठला शिफ्टर घालायचा हे आयईईई १८०१ मानकातल्या यूपीएफ फाइलमध्ये, म्हणजे चिपच्या सप्लायची योजना सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहायचं असतं, टूल त्यावरूनच सेल बसवतं.

पायरी ८: लेआउट

शिफ्टर वरच्या सप्लायच्या इलाख्यात बसवणं सोयीचं, कारण आउटपुटला तोच सप्लाय लागतो. खालचा सप्लाय तेवढा तारेने आणावा लागतो. खरी काळजी एन-वेलची, म्हणजे पीमॉस ज्यात बसतो त्या सिलिकॉनच्या भागाची. ०.६ व्होल्टच्या इन्व्हर्टरचा पीमॉस ०.६ ला बांधलेल्या वेलमध्ये आणि १.८ चे पीमॉस १.८ च्या वेलमध्ये, आणि वेगळ्या दोन वेलमध्ये स्काय१३० ला किमान १.२७ मायक्रॉन अंतर लागतं. एवढ्या छोट्या सेलमध्ये हे अंतर डोळ्यांत खुपतं. जागा वाचवायला ०.६ चा पीमॉस १.८ च्या वेलमध्ये घातला तर तो चालतो, फक्त बॉडी बायसमुळे मंदावतो. थ्रेशोल्डजवळ हे मंदावणं चांगलंच बोचतं. उलट चूक मात्र कधीच नको. १.८ चा पीमॉस ०.६ च्या वेलमध्ये गेला की सोर्स ते वेल हा डायोड पुढच्या दिशेने उघडतो आणि वरचा सप्लाय सरळ खालच्यात ओतला जातो.

‘क’ आणि ‘ख’ च्या तारा आखूड आणि शक्य तितक्या सारख्या ठेवा. मग लेआउटमधून कपॅसिटन्ससह नेटलिस्ट काढा आणि पायरी ६ चा तो सर्वांत वाईट कॉर्नर पुन्हा चालवा. शेवटी एक सिम्युलेशन सप्लाय चढवतानाचं: आधी १.८, थोड्या वेळाने ०.६ हळूहळू शून्यापासून. मग उलट क्रमाने. दोन्ही वेळा झोपेचा सिग्नल चालू ठेवा. १.८ चढून स्थिर झाल्यापासून आउटपुट शून्यावर गप्प बसलं आणि १.८ चा करंट कुठेही फुगला नाही, तर नेटलिस्ट पुढच्या माणसाकडे द्यायला हरकत नाही.